जोडीचे पंखे : एक उजवा, एक डावा

गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब कोंकणांतील घरीं गेलों होतों. रत्नागिरी जिल्ह्यांत एका खाडीकाठीं आमचें गांव आहे. धाकटे बंधु तेथेंच राहून बागाईत पाहतात, व हंगामांत प्रवाशांना होडींतून खाडी दाखवून आणण्याचा छोटासा धंदाही करतात. त्यांच्या होडीच्या पिछाडीस आजवर चाळीस अश्वशक्तीचें एकच यंत्र होतें. हीं यंत्रें होडीच्या पोटांत नसतात. पिछाडीच्या फळीवर बाहेरच्या अंगास टांगलेलीं असतात, व म्हणूनच त्यांना आउटबोर्ड म्हणतात. यंदा बंधूंनीं तसेंच दुसरें एक यंत्र जुन्यांतलें पाहून विकत घेतलें व पहिल्याच्या शेजारीं बसविलें. भर खाडींत एक बंद पडलें, तर दुसऱ्यावर घरीं येतां यावें, हा त्यांतील हेतु. आणि तो रास्तच होता.

कोणीतरी त्यांना सांगितलें होतें कीं, "दोन यंत्रें लावलींत कीं एक पंखा उजवा व एक डावा लागतो, दोन्ही उजवे ठेवलेत तर होडी एका अंगाला ओढते." ही गोष्ट खोटी नव्हती. बंधूंनीं लगोलग डाव्या बाजूच्या यंत्राचा पंखा उतरविला व त्या जागीं डावा पंखा आणून चढविला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिली फेरी घरच्या मंडळींची ठरली. होडीची डावी बाजू धक्क्याला लागलेली होती. मुलें आंत बसलीं, मातोश्री बसल्या, आम्हीही बसलों. पिछाडीकडे आमच्या भावजय एक पाय होडीच्या काठावर व एक धक्क्यावर ठेवून फराळाच्या डब्यांची पिशवी आंत देत होत्या. "चला, निघूं या," असें म्हणून बंधूंनीं दोन्ही यंत्रांचे दांडे एकदमच पुढें लोटले.

होडी पुढें गेलीच नाहीं. ती जागच्या जागीं फिरली! पुढचें टोक धक्क्याच्या दगडावर आपटलें, पिछाडी धक्क्यापासून सुटून खाडीकडे गेली, आणि भावजय मधल्या पाण्यांत पडल्या. त्यांच्यापासून दोन हातांवर पाण्याखालीं पंखे फिरत होते. म्हाताऱ्या तांडेलानें "आधीं यंत्र बंद करा!" अशी आरोळी ठोकली, आणि कोणी कांहीं करण्यापूर्वींच स्वतः झेप घेऊन यंत्र थांबविण्याची लाल दोरी ओढली. भावजयींना वर घेतलें. गुडघा फुटला होता, कोपर सोललें होतें, तेवढ्यावर निभावलें. त्या रात्रीं जेवतांना कोणी फारसें बोललें नाहीं. शेवटीं आमच्या दहा वर्षांच्या पुतण्यानेंच विचारलें, "बाबा, डावा पंखा लावायला सांगितलें होतें आणि तुम्ही डावाच लावलात. मग होडी अशी कां फिरली?" त्याच्या वडिलांना उत्तर देतां येईना, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही नीटसें देतां आलें नाहीं. मुंबईस परतल्यावर या विषयांतील जाणकारांकडे बसून व पुस्तकें चाळून आम्हीं जें समजून घेतलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

नावेचा पंखा दिसण्यांत घरच्या छताला टांगलेल्या पंख्यासारखा असला, तरी त्याचें खरें नातें मळसूत्राशीं, म्हणजे स्क्रूशीं आहे. स्क्रू फिरवितांना जसा लांकडांत शिरतो, तसा पंखा पाण्यांत पुढें सरकूं पाहतो आणि आपल्याबरोबर नावेला लोटतो. पंख्याच्या तुंब्यावर पुष्कळदां दोन आंकडे कोरलेले असतात. समजा, १३ व १९. पहिला आंकडा पंख्याचा व्यास इंचांत सांगतो. दुसरा आंकडा असें सांगतो कीं, पाणी जर लांकडासारखें घट्ट असतें, तर एका फेऱ्यांत हा पंखा १९ इंच पुढें गेला असता. पाणी घट्ट नसल्यामुळें तो प्रत्यक्षांत थोडा कमीच जातो.

आतां स्क्रूचे आटे जसे उजवे किंवा डावे असूं शकतात, तसेच पंखेही. होडीच्या मागें उभे राहून पुढें पाहिलें असतां, जो पंखा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरून नावेला पुढें लोटतो, तो उजवा; आणि जो कांट्याच्या उलट फिरून पुढें लोटतो, तो डावा. ओळखण्याची खूण सोपी आहे. पंखा ओसरीवर आडवा ठेवावा आणि आपल्याकडील पात्याकडे पाहावें. पातें डावीकडून उजवीकडे चढत गेलें असेल तर पंखा उजवा, उजवीकडून डावीकडे चढत असेल तर डावा. पंखा पालथा करून पाहिला तरी ही खूण बदलत नाहीं. डावी वहाण पालथी केली म्हणून कांहीं ती उजव्या पायांत जात नाहीं. एकट्यानें चालणाऱ्या आउटबोर्ड यंत्रास बहुधा उजवाच पंखा असतो.

मग दोन यंत्रें असतांना डाव्या पंख्याची गरज कां पडावी? त्याचें कारण आमच्या भगिनींना आमच्यापेक्षां लौकर कळेल. धुतलेली गोधडी एकट्यानें पिळून पाहा. दुसरें टोक खुंटीला अडकविलेलें नसेल, तर पीळ बसतच नाहीं. सारी गोधडीच गरकन फिरते. पीळ देणाऱ्याला दुसऱ्या टोकाकडून तितकाच उलटा पीळ मिळावा लागतो. न्यूटननें १६८७ सालीं ग्रंथरूपानें मांडलेला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम तो हाच. यंत्र पंख्याला कांट्याच्या दिशेनें पीळ देतें, तेव्हां पंखा यंत्राला, व यंत्राच्या द्वारें होडीला, उलट दिशेनें तेवढाच पीळ देतो. पंखा उजवा असेल तर होडीची डावी बाजू त्यामुळें खालीं दबते.

हा पीळ किती असतो, तें हिशेबानें पाहूं. दीडशें अश्वशक्तीचें यंत्र मिनिटास ५५०० फेरे घेत आहे, आणि मधल्या दातेरी चाकांमुळें पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २७५० फेरे घेतो, असें धरा. या पंख्याचा उलटा पीळ सुमारें ४० किलो वजन होडीच्या मध्यरेषेपासून एक मीटर अंतरावर ठेवल्याइतका भरतो. अशीं दोन यंत्रें शेजारीं असून दोन्ही पंखे उजवेच असले, तर दोन्ही पीळ एकत्र होऊन ८० किलो होतात. म्हणजे एक भरदार गृहस्थ सबंध प्रवासभर डाव्या काठाकडे सरकून बसला आहे, असें समजावें. होडी मोठी असेल तर तिला याचें कांहीं वाटणार नाहीं. हलकी व वेगवान असेल तर ती कललेलीच धांवेल.

याखेरीज आणखी एक खोड आहे. पंख्याच्या वरच्या व खालच्या पात्यांना पाणी सारख्या रीतीनें लागत नाहीं. त्यामुळें पंखा नावेला पुढें लोटतांना थोडा बाजूलाही रेटतो, व ती ओढ सुकाणूच्या चाकावर हाताला जाणवते. उजव्या पंख्याच्या होडींत चाक सोडून दिलें, तर ती सहसा उजवीकडे वळूं लागते. दोन पंखे एकाच दिशेनें फिरत असतील तर ही ओढ दुपटीनें वाढते, आणि तासाभराच्या प्रवासांत चालविणाऱ्याचे खांदे भरून येतात.

यावर उपाय सुचणें कठीण नाहीं. दोन पंखे असतीलच, तर एक दुसऱ्याचें आरशांतील प्रतिबिंब करावा. एकाचा पीळ दुसऱ्यानें फेडावा. हवेंत ही युक्ति ज्यांनीं वापरली, त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें विमान किटी हॉक येथें उडालें, तेव्हां त्यावर यंत्र एकच होतें, परंतु पंखे दोन होते. दोन्ही पंखे सायकलसारख्या साखळीनें फिरत; आणि त्यांतील एक साखळी मध्यें फुलीसारखी पार करून घातलेली होती, एवढ्याचसाठीं कीं दोन पंखे परस्परविरुद्ध फिरावेत व विमान एका अंगावर कलूं नये. पाण्याखालून जाणारे टॉर्पेडो स्वतःभोंवतीं गरगर फिरूं नयेत, म्हणून त्यांनाही एकाच आंसावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे बसवीत आले आहेत.

आउटबोर्ड यंत्राच्या आरंभींच्या काळीं मात्र हा प्रश्नच नव्हता. हें यंत्र लोकांच्या वापरांत आणण्याचें श्रेय बव्हंशीं ओले एव्हिनरूड यांस दिलें जातें. जन्म नॉर्वेचा, १८७७ चा. लहानपणींच ते अमेरिकेंत आले व पुढें मिलवॉकी येथें कारागीर झाले. एकदां तळ्यावर वनभोजनास गेले असतां, भावी पत्नी बेस यांच्यासाठीं ते होडी वल्हवीत दूरच्या कांठावरून आइस्क्रीम आणावयास गेले. परत येईपर्यंत तें वितळून गेलें, आणि तेथेंच होडीला यंत्र टांगण्याची कल्पना निघाली, अशी कथा सांगतात. १९०९ मध्यें त्यांनीं जें यंत्र विक्रीस काढलें तें दीड अश्वशक्तीचें व ६२ पौंड वजनाचें होतें. कारखान्याचा पत्रव्यवहार व जाहिराती बेस पाहत, आणि त्या बाईंच्या चतुराईवांचून धंदा एवढा वाढला नसता. दीड अश्वशक्तीचा पीळ तो किती? चालविणाऱ्याच्या मुठींतच तो जिरून जाई. पुढें यंत्रें दहाचीं झालीं, शंभराचीं झालीं. २०२१ सालीं मर्क्युरी कंपनीनें सहाशें अश्वशक्तीचें आउटबोर्ड काढलें. मुठींत न मावणारा पीळ कोठें तरी फेडावा लागला, आणि जोडयंत्रांत डाव्या पंख्याला मानाचें स्थान मिळालें.

येथेंच आमच्या बंधूंची चूक उघडी पडते. आउटबोर्ड यंत्राचा उभा दांडा खालीं पाण्यांतील पेटींत उतरतो. त्याच्या टोकास एक लहान दातेरी चाक असतें. तें पंख्याच्या आडव्या दांड्यावरील दोन मोठ्या दातेरी चाकांना, एकाला पुढून व दुसऱ्याला मागून, भिडलेलें असतें. त्यामुळें हीं दोन चाकें नेहमींच परस्परविरुद्ध फिरत राहतात. आपण दांडा पुढें लोटला कीं त्यांतील एक चाक पंख्याच्या दांड्यास अडकविलें जातें. मागें ओढला कीं दुसरें. मध्यें ठेवला, कीं दोन्ही मोकळीं.

नेहमींच्या यंत्रांत दांडा पुढें लोटला कीं पंखा कांट्याच्या दिशेनें फिरतो. त्यावर उजवा पंखा असेल तर होडी पुढें जाईल. त्याच दांड्यावर डावा पंखा चढविला, तर फिरण्याची दिशा तीच राहून रेटा मात्र मागें बसेल. बंधूंनीं नेमकें हेंच केलें होतें. उजवें यंत्र होडीला पुढें लोटीत होतें, डावें मागें खेंचीत होतें. मग होडीनें फिरल्यावांचून काय करावें?

डाव्या पंख्याला डावी पेटी लागते. तींत दातेरी चाकांचीं कामें अदलाबदल केलेलीं असतात, आणि पंख्याचा सारा रेटा ज्या बेअरिंगांवर येतो, तींही त्या हिशेबानें घातलेलीं असतात. वरचें यंत्र मात्र दोन्ही बाजूंना एकाच दिशेनें फिरतें. फरक असतो तो खालच्या पेटींत. कोणी म्हणेल, "साध्याच पेटीवर डावा पंखा ठेवून तें यंत्र कायम उलट्या गिअरांत चालविलें तर?" होडी पुढें जाईल खरी, पण मागें घेण्याचें गिअर हें चार घटका धक्क्याशीं वापरण्यासाठीं केलेलें असतें. भर वेगाचा रेटा दिवसेंदिवस त्यावर टाकला, तर पेटी लवकरच निकामी होईल. अलीकडे सुझुकीच्या कांहीं मोठ्या यंत्रांत एकच पेटी दोन्हीं दिशांनीं चालेल अशी केलेली असून, कोणत्या बाजूचें काम द्यावयाचें तें विजेच्या जोडणीनें ठरवितात. पण तो गुण यंत्रांतच असावा लागतो. नुसता पंखा बदलून तो येत नाहीं.

मुंबईस गेटवेवरून मांडव्याकडे जाणाऱ्या लहान वेगवान बोटींच्या पिछाडीस अशीं जोडयंत्रें पाहावयास मिळतात. बोट धक्क्याला लागत असतां चालविणाऱ्याच्या हातांकडे लक्ष द्यावें. तो एक दांडा पुढें व एक मागें करतो, आणि बोट जागच्या जागीं वळते. आमच्या होडीनें आमच्या इच्छेविरुद्ध जें केलें, तेंच तो जाणूनबुजून करीत असतो. या कामीं जोडीच्या पंख्यांचा आणखी एक गुण दिसतो. नेहमींच्या मांडणींत उजव्या बाजूस उजवा व डाव्या बाजूस डावा पंखा असतो, म्हणजे दोहोंचीं वरचीं पातीं एकमेकांपासून बाहेर जातात. अशा वेळीं एक पुढें व दुसरा मागें चालविला, तर दोहोंचाही बाजूचा रेटा पिछाडीला एकाच अंगास ढकलतो व वळण सोपें होतें. दोन्ही पंखे उजवे असले, तर वळतांना एकाचा रेटा दुसऱ्याचा खाऊन टाकतो. आणि सरळ मागें घेतांना मात्र दोघेही मिळून पिछाडी डावीकडे नेतात.

दोन यंत्रांवरचे दोन पंखे आणि एकाच यंत्रावर, एकाच आंसावर, एकामागें एक बसविलेले दोन पंखे, यांत वाचकांनीं घोटाळा करूं नये. दुसऱ्या प्रकारांत पुढच्या पंख्यानें पाण्याला दिलेला पीळ मागचा पंखा उलगडून घेतो व तेवढी वायां जाणारी शक्ति कामीं लावतो. जॉन एरिक्सन यांनीं १८३६ मध्यें जें पेटंट घेतलें, त्यांत उलटसुलट फिरणाऱ्या दोन चाकांचीच योजना होती. बोटींच्या बाजारांत ती व्होल्वो पेंटा कंपनीनें १९८२ पासून रूढ केली, आणि वर सांगितलेल्या सहाशें अश्वशक्तीच्या आउटबोर्डासही असेच दोन पंखे आहेत. तेथें एकटें यंत्रच आपला पीळ आपण फेडतें.

मग प्रत्येक जोडयंत्राला डावी पेटी घ्यावीच काय? तसें नाहीं. डावी पेटी बहुधा शंभराच्या पुढच्या यंत्रांनाच मिळते. लहान यंत्रांचा पीळ इतका थोडा असतो कीं तेवढ्यासाठीं वेगळी पेटी करणें कारखान्यांना परवडत नाहीं. शिवाय उजवा पंखा डाव्या बाजूस चालत नसल्यामुळें दोन्ही जातींचा एकेक राखीव पंखा बाळगावा लागतो. लहान होडीला साधे उपाय पुरतात. पंख्याच्या वर, आडव्या पट्टीखालीं, एक लहानसें वळवितां येणारें पंखुड असतें. होडी उजवीकडे ओढत असेल तर त्याचें मागचें टोक किंचित् उजवीकडे वळवावें, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. म्हणजे चाकावरची ओढ हलकी होते. सुकाणूला तेलाच्या दाबाची योजना असेल, तर ओढ हातापर्यंत पोंचतच नाहीं. राहिला होडीचा कल. तो सामान व माणसें नीट वांटून बसविल्यानें जातो.

हें सारें आम्हीं बंधूंना पत्रानें कळविलें. त्यांनीं डावा पंखा उतरवून पूर्वीचा उजवा पंखा पुन्हां चढविला, दोन्हीं यंत्रांचीं पंखुडें बेताचीं वळविलीं, आणि रिकाम्या होडींत तांडेलाला घेऊन एकेक यंत्र निराळें चालवून पाहिलें. होडी आतां सरळ चालते, असें त्यांचें उत्तर आलें. यंत्राला कांहींही नवें केलें, कीं आधीं दोर बांधून, माणसें उतरवून, एका वेळीं एकच दांडा हलक्या हातानें लोटून पाहावा, हें तांडेलाचें सांगणें त्यांनीं आतां नियम म्हणून पाळावयाचें ठरविलें आहे. माणसें चढत-उतरत असतां यंत्र पूर्ण बंद, आणि लाल दोरीचें टोक चालविणाऱ्याच्या मनगटाला, हे त्यापुढचे दोन नियम. पहिल्या दिवशीं यांतील एक जरी पाळला असता, तरी चुकीचा पंखा कोणाच्या अंगावर आला नसता.

उतरविलेला डावा पंखा आतां ओसरीवर आहे. पुतण्यानें त्याच्या शेजारीं एक जुना उजवा पंखा आणून ठेवला आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो विचारतो, "सांगा पाहूं, यांतला डावा कोणता?" उत्तर चुकलें, कीं पंखा पालथा करून पुन्हां विचारतो. भावजयींनीं पत्राच्या शेवटीं दोनच ओळी आपल्या हातानें लिहिल्या आहेत : "भाऊजी, पंखा उजवा लावायचा कीं डावा तें तुम्ही दोघे भाऊ ठरवा. मी आंत नीट बसल्यावांचून दांड्याला हात लावायचा नाहीं, हें माझें ठरलें आहे."